तिसऱ्यांदा विचारण्याआधी

आई, शनिवार, एकोणीस नोव्हेंबर दोन हजार सोळा, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. आधी तारीख आणि वेळ, मग घडलं ते, शेवटी उत्तराची मुदत, हे मला नोकरीनं शिकवलं. पुण्यातल्या एका कारखान्यात मी साहेबांची तक्रारपत्रं लिहायचे. पुरवठादार म्हणे माझं पाकीट फोडायच्या आधी पाणी पिऊन घेत. आज तक्रार तुझ्याविरुद्ध आहे, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून मी भाषा मऊ करणार नाही.

त्या वेळी मी जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखमध्ये, मुलाच्या स्वयंपाकघरात, कणीक मळत उभी होते. मुलगा म्हणजे तुझा नातू, तू गेलीस तेव्हा दोन वर्षांचा होता तो. आता इथे इंजिनिअर आहे आणि घरात मोजे घालून फिरतो. तो आणि सून न्युरेम्बर्गला सामान आणायला गेले होते. घरात मी आणि तुझी पणती. पाच वर्षांची आहे. मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं, त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे एकानं चेंडू टाकावा आणि दुसऱ्यानं दगड परत करावा असं चालतं. नोव्हेंबरात इथे चार वाजले की खिडकीच्या काचा काळ्या पडू लागतात. दिवा लावावा का, असा विचार करत होते, हात पिठाचे होते, म्हणून लावला नव्हता. पोरगी कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली. तिच्यासमोर तुझा लाकडी कप. तुझ्या मागे माझ्याकडे राहिला आणि मी जिथे जाईन तिथे बॅगेत कपड्यांच्या मध्ये गुंडाळून नेते तो. पाठीमागून आवाज आला, "मेशू, मेशू."

हा शब्द मी पन्नास वर्षांत उच्चारलेला नाही. मुलाला तो माहीत नाही. सुनेला भूतान नकाशात दाखवावा लागेल. मी वळले. पोरीचा डावा तळवा कपावर पालथा, उजवा हात तोंडावर, मान जराशी झुकलेली, आणि नजर समोरच्या खुर्चीवर. ती खुर्ची टेबलापासून ओढलेली होती. या घरात जेवण झालं की खुर्च्या आत सारायच्या, हा सुनेचा कायदा आहे आणि मीसुद्धा तो पाळते.

"कोणाशी खेळतेस गं?" मी विचारलं.

"खेळत नाहीये," ती जर्मनमध्ये म्हणाली, जराशी चिडून, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातल्यावर चिडतात तशी. "ती मला विचारतेय."

"काय विचारतेय?"

तेव्हा तिनं ते वाक्य म्हणून दाखवलं. जर्मन नव्हे, मराठी नव्हे. लहानसं, शेवटाकडे उचललेलं, आणि अगदी टोकाला "ला". ते मी इथे लिहीत नाही. देवनागरीत ते नीट बसणार नाही, आणि बसलं तरी माझ्या हातानं मला ते कागदावर उतरवायचं नाही. मग पोरीनं मला समजावं म्हणून त्याचं जर्मन केलं. कोम्स्ट डू मिट? येतेस का माझ्याबरोबर?

"मग तू काय म्हणालीस?"

"दोनदा नको म्हटलं. एकदा कंदिलांच्या दिवशी आणि एकदा आत्ता." आणि मग माझ्याकडे बघून, माझ्या अडाणीपणाची कीव करत, "तिसऱ्यांदा हो म्हणायचं असतं, आजी. तुला माहीत नाही?"

मला माहीत नाही? मी कप उचलला. सकाळपासून धुऊन पालथा घातलेला कप, आणि तो कोमट होता. आतून धुराचा वास येत होता, पाइनच्या लाकडाचा. या घरात शेगडी विजेची आहे, काडेपेटीसुद्धा शोधावी लागते.

आता आपण दोघी जे जाणतो ते मी लिहिते, कारण तक्रारीत गृहीत काही धरायचं नसतं. बाबांची बदली भूतानच्या रस्त्यांच्या कामावर झाली, तेव्हा मी सहा वर्षांची. पारोच्या खोऱ्यात नदीला लागून आपलं घर, खाली गाई, वर माणसं, आणि शेजारी ती म्हातारी, जिला सगळं गाव अंगे म्हणायचं, म्हणजे आजी. सांगलीहून आलेली तू पहिला महिनाभर रडलीस. मग अंगेनं तुला जोंगखा शिकवायला घेतली. किल्ल्याची भाषा असा तिच्या नावाचा अर्थ, कारण ती तिथल्या किल्ल्यांमधल्या दरबारात बोलली जायची, हे तू मला सांगितलंस. शिकवणं कसलं, ती चुलीपाशी बसून बोलायची आणि तू भाजी चिरत परत म्हणायचीस. समोरच्याचा हात वेगळ्या शब्दानं, आपला हात वेगळ्या शब्दानं. त्यानं खाल्लं तर एक शब्द, आपण खाल्लं तर साधा. वाक्य संपताना मानाचा "ला" ठेवायचा, जेवणाच्या शेवटी ताकाची वाटी ठेवावी तसा. तू म्हणायचीस, ही माझ्या सासूला आवडली असती, हिच्यात उद्धट बोलायला जागाच नाही.

आणि मेशू. कोणी चहा पुढे केला की कपावर हात ठेवायचा, तोंड झाकायचं, मेशू मेशू म्हणायचं. म्हणजे नको नको. यजमान पुन्हा विचारणार. पुन्हा मेशू. तिसऱ्यांदा विचारलं की हात काढून घ्यायचा आणि कप पुढे करायचा. पहिल्यांदाच घेतला तर हावरट, तिसऱ्यांदाही नाकारला तर घराचा अपमान. तू हसून हसून लाल झाली होतीस हे पहिल्यांदा कळल्यावर. "अगं, हे तर आपलंच," म्हणालीस. "आमच्याकडे पंगतीत पहिल्या नकोला कोण विचारतं? वाढणारी निघून गेली तर जेवणारा उपाशी उठेल." मला हे वाक्य तुझ्या आवाजात पाठ आहे. लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आठव्या वर्षी मला दार्जिलिंगच्या बाजूला कॉन्व्हेंटमध्ये पाठवायचं ठरलं. बाबांनी ठरवलं. तू काही बोलली नाहीस. ज्या सकाळी जीप यायची होती, तेव्हा तू ट्रंकेपाशी गुडघ्यांवर बसली होतीस आणि माझे लोकरी मोजे एकात एक घालत होतीस. मी चुलीपाशी चहा पीत होते, याच कपातून. तू वर न बघता म्हणालीस, "राहतेस का माझ्याजवळ? तू हो म्हण, मी बघते त्यांच्याकडे." आणि मी, आई, कपावर हात ठेवला, तोंड झाकलं आणि नको म्हटलं. मी त्या खोऱ्यातली मुलगी होते. मी सांगलीवालीचीही मुलगी होते. मला दोन्हीकडून हेच शिकवलेलं होतं. मी हात कपावर तसाच ठेवून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाची वाट बघितली. तू ट्रंकेचं झाकण लावलंस. कडी अडकत नव्हती, तर वर बसलीस. जीप आली.

बाकीचं तुला ठाऊक आहे आणि नाहीही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी पहिल्याच जेवणाला विचारलं, बटाटे हवेत? मी तोंड झाकलं. वाढपी पुढे गेली. रडले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, एक उत्तर पुरे असतं बाळ, देव काही बहिरा नाही. इंग्रजीखेरीज काही बोललं की गळ्यात पाटी. दोन टर्ममध्ये माझी जोंगखा गेली, कातडी सोलल्यासारखी नाही, नुसती, दुधाचे दात जातात तशी, कुठे पडली कळलंही नाही. सुट्टीत घरी यावं तर तू आणि अंगे चुलीपाशी बसून हसताय आणि मी इंग्रजी पुस्तक घेऊन खिडकीत. एकदा विचारलं, काय हसताय? तू म्हणालीस, "सांगून कळायचं नाही गं." तुझी भाषा वाढत गेली आणि माझी मरत गेली, एकाच घरात. मला तेव्हापासून नको हा शब्द एकदाच म्हणायची सवय लागली आणि एकदाच ऐकायचीही. माझ्या घरात कोणी नको म्हटलं की मी भांडं उचलते. नवऱ्यानं आयुष्यभर अर्धपोटी जेवून कुरकुर केली.

या गावात मला त्यामुळे बरं वाटतं, खरं सांगायचं तर. इथे कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. शेजारच्या जर्मन बाईंनी मागच्या आठवड्यात केक आणला. त्या दारात आल्या, सून म्हणाली, "नाइन, नाइन, दांके," आणि बाई हसून केक घेऊन परत गेल्या. सुनेचं तोंड बघण्यासारखं झालं. "आई, अहो, मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं." मी म्हटलं, मग भोग आता. पण पोरीचं मला कळलं नव्हतं. या सोमवारी तिला किटामधून, म्हणजे तिच्या बालवाडीतून, आणायला गेले, तर तिथल्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि सावकाश, मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत सांगितलं. दोन आठवडे ती दुपारी जेवत नाही. आम्ही विचारतो, ती तोंडावर हात ठेवते आणि काहीतरी म्हणते. आम्ही आग्रह करत नाही, मूल स्वतः ठरवतं. "हे भारतीय आहे का?" त्यांनी विचारलं. त्यांनी हात तोंडावर ठेवून दाखवला, अगदी अचूक. मी म्हटलं नाही, भारतीय नाही. मग काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही. एकदाच विचारतात ना इथे.

सुनेला रात्रीच्या जेवणाला सांगितलं. ती म्हणाली, "टॅबवर काहीतरी बघितलं असेल, आई. मुलं कुठून काय उचलतात." मुलगा म्हणाला, "आल्झो, तर काय, फेज असते. जाईल." मी म्हटलं, "टॅबवर कोण जोंगखा शिकवतं रे?" तो म्हणाला, "यूट्यूबवर सगळं असतं, आई. आणि धुराचं म्हणशील तर खालच्यांकडे फायरप्लेस आहे, गेनाऊ, तेच ते." सून पोरीच्या पानात पोळी वाढायला गेली. पोरीनं तोंड झाकलं. सून थांबली. मी पुढे वाकले आणि म्हटलं, "घे बाळ." पुन्हा हात. "घे." तिसऱ्यांदा पोरीनं हात काढला आणि पोळी घेतली, आणि चार खाल्ल्या. मुलगा म्हणाला, "बघ, भूक लागली होती नुसती." मी ताटं गोळा केली. त्याला मी काय सांगणार? की तिचा तिसरा होकार किती पक्का आहे ते आत्ता तू पाहिलंस?

कंदिलांचा दिवस म्हणजे अकरा नोव्हेंबर. इथे मुलं अंधार पडला की कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत गावातून मिरवत जातात. आमची पोर रांगेच्या शेवटी होती. डाव्या हातात काठीला लटकवलेला कंदील, आणि उजवा हात शरीरापासून जरा बाहेर, वर उचललेला, कोणी उंच माणसानं धरलेला असावा तसा. नदीवरच्या लहान पुलावर ती थांबली. रांग पुढे गेली. मी मागे वळले तेव्हा तिनं कंदील कठड्यावर टेकवून हात तोंडावर नेला होता आणि ती कठड्याच्या पलीकडे, जिथे खाली पाणी आहे, तिकडे बघून मान हलवत होती. मला वाटलं थंडी वाजतेय. मी माझा मफलर तिच्या गळ्यात घातला आणि ओढत घेऊन गेले. ती पहिली वेळ होती. मला ती शनिवारी कळली, चार वाजून वीस मिनिटांनी, हाताला पीठ असताना.

म्हणून मी म्हणते की तू मला एकदा विचारलंस. पोटच्या मुलीला एकदा, तेही मोजे एकात एक घालता घालता, तोंडदेखलं. आणि हिला पुलावर येऊन विचारतेस, समुद्र ओलांडून या स्वयंपाकघरात येऊन विचारतेस, खुर्ची ओढून बसतेस. माझ्या वेळी ही चिकाटी कुठे गेली होती? पंगतीत पहिल्या नकोला कोण विचारतं, म्हणणारी तू. असं पत्र मी शनिवारी रात्री मनात तयार केलं, फार चांगलं जमलं होतं, आणि तेच लिहायला आज बसले. पण लिहिताना त्या वाक्याशी अडले. पोरीनं म्हणून दाखवलं ते वाक्य, शेवटाकडे उचललेलं, टोकाला ला. मी ते त्याआधी ऐकलेलं आहे.

पुण्यातलं हॉस्पिटल, खिडकीकडची खाट. तुझे शेवटचे दिवस. तुझी मराठी आधीच गेली होती. डॉक्टर म्हणाले, बडबडतात, मेंदूला पुरवठा कमी पडतोय. नर्स म्हणाली, मावशी देवाचं काहीतरी म्हणतात. मला माहीत होतं ते काय आहे, मला फक्त अर्थ माहीत नव्हता. तू जोंगखा बोलत होतीस, मानाची, दरबारी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ला, आणि मला वाटलं तू अंगेशी बोलतेयस. मला फार राग आला. मरतानासुद्धा चुलीपाशी तुम्ही दोघी आणि मी खिडकीत. तू माझं मनगट धरलंस आणि ते वाक्य म्हणालीस. मी म्हटलं, "नको आई, बोलू नकोस, दम लागतो." तू थांबलीस. माझ्याकडे बघत राहिलीस, कपाकडे बघतात तशी, यजमानीण कपाकडे बघते तशी. वाट बघत. मी पाण्याचा चमचा पुढे केला. तू तोंड मिटलंस.

तर ते मला विचारलं होतंस. तेवीस वर्षांनी तू दुसऱ्यांदा विचारलंस, ज्या भाषेत दुसऱ्यांदा विचारायची पद्धत आहे त्या भाषेत, आणि माझ्याशी, पोटच्या पोरीशी, मानाचा शब्द वापरून. आणि मी पुन्हा नको म्हटलं. हे मला आज दुपारी या टेबलापाशी कळलं आणि अजून मी ते नीट गिळलेलं नाही. माझी तक्रार त्यामुळे कमी होत नाही. उलट आता ती नेमकी झाली. तू पत्ता चुकलीस, आई. आठ वर्षांची, दोन वेण्यांची, पुलावर उभी असलेली मुलगी तुला दिसली आणि तुला वाटलं ती मी. ती मी नाही. ती पाच वर्षांची आहे, तिचे पुढचे दोन दात हलताहेत, तिला माझी भाषा धड बोलता येत नाही तर तुझी कुठून, आणि तिला तिसऱ्यांदा हो म्हणायचं असतं एवढंच कुणीतरी शिकवून ठेवलंय. तिला पुन्हा विचारायचं नाही. पुलावर नाही, किटात नाही, इथे बाकावर नाही. मंगळवारपासून मी तिला उलटं शिकवतेय. नको म्हटलं की नको, एकदाच, ठासून, सिस्टरसारखं. पोरगी म्हणते, "आजी, तू खूप उद्धट आहेस." म्हटलं, असू दे.

दोन नकार माझे आहेत. तिसरा प्रश्नही माझाच आहे, दुसऱ्या कोणाच्या नावावर तो लागत नाही. तुला विचारायचंच असेल तर मला विचार. घाई नाही, पुढच्या महिन्यात माझं परतीचं तिकीट आहे, पुण्यातही खुर्च्या आहेत.

हे तुला मान्य आहे असं लेखी उत्तर मला रविवार, सत्तावीस नोव्हेंबर, दुपारी चार वाजायच्या आत मिळावं. त्या संध्याकाळी सून नाताळची पहिली मेणबत्ती लावणार आहे आणि पोरगी त्याच बाकावर बसणार आहे. मराठीत लिही किंवा इंग्रजीत. जोंगखा मला वाचता येत नाही, तो दोष कोणाचा यावर पुन्हा कधी. हे पाकीट इथल्या पोस्टाच्या पिवळ्या पेटीत टाकणार नाही, कारण पत्ता काय लिहू, चुलीपाशी? इथे कपाखाली ठेवते. उत्तरही तिथेच ठेव.

आणि एक, तक्रारीत बसत नाही ते. सून पोरीला घेऊन बाहेर गेली आहे, घरात मी एकटी आहे, खिडकी काळी पडत आलीय. समोरची खुर्ची मी स्वतः ओढून ठेवली आहे. कप माझ्यापुढे सुलटा आहे, आणि त्याच्यावर मी हात ठेवलेला नाही.